कुंडीतली आंबुशी: उपटायची कधी, कशी आणि किती?

आजचा विषय उंचीने जेमतेम दोन-तीन इंच आहे, पण त्याच्यापायी मी एक मोगरा गमावलाय.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात अंधेरीच्या आमच्या बाल्कनीत सगळ्या कुंड्यांत एक पसरणारं तण आलं. एक रील बघितलं आणि मीठ-व्हिनेगरचं पाणी मारलं. दोन दिवसांत तण करपलं, मी खूश. मग मोगऱ्याची पानं कडेने तपकिरी व्हायला लागली. मोगरा आजीच्या मुलुंडच्या घरून आणलेल्या फांदीचा होता. महिन्याभरात तण परत आलं. मोगरा नाही आला.

कारण सोपं आहे. व्हिनेगरने वरची पानं जळतात, मूळ शाबूत राहतं. मीठ मात्र कुंडीतल्या मातीत साचतं आणि ते मोगरा आणि तण असा भेद करत नाही.

हे तण म्हणजे आंबुशी. काही जण आंबुटी म्हणतात, आयुर्वेदात चांगेरी. कैरीच्या सुकवलेल्या फोडींची आंबोशी वेगळी बरं का!

ओळखायची कशी?

एका देठावर तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं, टोकाला खाच. बाल्कनीत मेथी पेरणारे इथेच फसतात, कारण मेथीलाही तीन पानं असतात. पण मेथीचं पान लांबट असतं, त्याला बदामासारखी खोल खाच नसते. आंबुशीचं फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. संध्याकाळी फूल मिटतं, पानंही खाली दुमडतात. काही रोपांची पानं जांभळट असतात, तीही हीच.

आणि शेंग बघा. अगदी चिमुकली भेंडी, उभी. खरा खेळ तिथे आहे. पिकलेल्या शेंगेला धक्का लागला की ती फुटते आणि बिया टणकन उडून शेजारच्या कुंडीत पोचतात. शिवाय खोड मातीवर सरपटतं आणि पेरापेराला मुळं धरतं.

मग करायचं काय?

एक, शेंगा यायच्या आत काढा. पिवळं फूल दिसलं म्हणजे अलार्म वाजला समजा.

दोन, कोरड्या मातीतून ओढू नका, खोड तुटतं आणि मूळ आत राहतं. आधी पाणी घाला, अर्धा तास थांबा, मग खुरप्याने किंवा जुन्या काट्याने मुळासकट उचला.

तीन, शेंगा आल्याच असतील तर वरून ओला कपडा टाकून मग उपटा. ते रोप घरच्या खतात टाकू नका.

चार, मातीवर दोन इंच सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. या बियांना रुजायला उजेड लागतो.

पाच, नर्सरीतून रोप आणलं की आधी कुंडीतली माती बघा. बऱ्याचदा पाहुणी तिथूनच येते.

तणनाशक? बाल्कनीत अजिबात नको. ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच व्हावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारनेच 2022 मध्ये काढली होती.

सगळी काढायची का?

मी एका कोपऱ्यातल्या कुंडीत थोडी ठेवलीय. पेल ग्रास ब्लू नावाचं नखाएवढं फिकट निळं फुलपाखरू याच झाडावर अंडी घालतं, त्याच्या अळ्या हीच पानं खातात. पानं आंबट असतात, चटणीत घालतातही. पण त्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं, त्यामुळे थोडीच खावी आणि मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी. रस्त्याकडेची तर कुणीच तोडू नये.

तर आज घरी गेल्यावर एक काम करा. मोबाईलचा टॉर्च लावून कुंड्यांमध्ये बघा. पानं दुमडून झोपलेली दिसली तर तीच ती. सकाळी पाणी घाला आणि हाताने काढा. मीठ स्वयंपाकघरातच राहू द्या.

भेटू पुढच्या भागात!