चारशे चौतीस

शनिवारी सायंकाळी पाच वाजले की इंग्लंडातील घराघरांतून रेडिओ लागत असे. १९४८ च्या जानेवारीत बीबीसीने खेळांच्या वृत्तांचा एक कार्यक्रम सुरू केला. दुपारी तीनला सुरू झालेले फुटबॉलचे सामने तोवर आटोपलेले असत आणि निवेदक एका ठरीव लयीत त्यांचे निकाल वाचून दाखवी. आधी यजमान संघाचे नाव, त्याचे गोल. मग पाहुण्या संघाचे नाव. हे दुसरे नाव उच्चारताना त्याचा स्वर किंचित चढला किंवा उतरला, की पुढला आकडा येण्यापूर्वीच जाणत्या श्रोत्याला निकाल कळून चुके. प्रथम पहिला विभाग, मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या विभागाची पाळी येईपर्यंत पेल्यातला चहा निवलेला असे. निकालांवर पैसे लावून कूपन हाती घेऊन बसलेले तेवढे शेवटपर्यंत कान देऊन ऐकत.

आज मी ज्या खेळाडूविषयी बोलणार आहे, त्याच्या संघाचे नाव पुष्कळदा या निवलेल्या चहाच्या वेळेसच येई. त्याचे नाव आर्थर रौली. इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत आजवर सर्वाधिक गोल त्याने केले आहेत. ६१९ सामने आणि ४३४ गोल. १९६५ साली त्याने खेळ सोडला; त्यानंतर साठ वर्षे लोटली, पण हा आकडा कोणाला ओलांडता आलेला नाही. आणि हा मनुष्य इंग्लंडच्या मुख्य राष्ट्रीय संघातून एकदाही खेळला नाही.

रौलीचा जन्म १९२६ साली वुल्वरहॅम्प्टन येथे झाला. कोळसा, लोखंड आणि कुलुपे यांच्यासाठी प्रसिद्ध असलेला हा मुलूख. थोरला भाऊ जॅक हाही फुटबॉलपटूच, आणि तो गेला थेट मँचेस्टर युनायटेडमध्ये. १९४८ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात जॅकने दोन गोल केले. १९४९ च्या नोव्हेंबरात उत्तर आयर्लंडविरुद्ध इंग्लंडकडून चार केले. धाकट्यालाही युद्धकाळात, पंधरा वर्षांचा असताना, मँचेस्टर युनायटेडच्या कपड्यांत मैदानावर उतरण्याची संधी मिळाली होती. पण युद्धातले सामने हे युद्धातले सामने. त्यांची मोजदाद साखळीच्या वहीत होत नसे. युद्ध संपले आणि त्याची खरी नोकरी सुरू झाली ती वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या संघात. तेथे २४ सामन्यांत त्याचे गोल झाले अवघे चार.

चार गोलांवर कोणा तरुणाचे भविष्य सांगावे? संघचालकांनी ते सांगून टाकले. १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी रौलीला फुलहॅमकडे दिले आणि बदल्यात अर्नी शेफर्ड नावाचा खेळाडू घेतला. फुलहॅममध्ये हंगामाच्या उरलेल्या भागात रौलीने एकोणीस गोल केले, आणि त्या वर्षी फुलहॅमने दुसरा विभाग जिंकला. गंमत अशी की वेस्ट ब्रॉमविचही दुसरा येऊन वर चढला. आणि शेफर्ड तेथेही न टिकता हल सिटीत गेला होता, तर तो संघही तिसऱ्या विभागातून वर आला. एकाच हंगामात तीन संघांतून खेळायचे आणि तिन्ही बढतीस जायचे, असे भाग्य शेफर्डच्या वाट्याला आले. या साऱ्या देवघेवीत नुकसान कोणाचेच झाले नाही म्हणावे, तर पुढील सोळा वर्षांत रौलीने केलेले गोल वेस्ट ब्रॉमविचच्या खाती पडले नाहीत, हे नुकसान लहान नव्हे.

१९५० साली तो लेस्टर सिटीत आला. मोजे, विणकाम आणि पादत्राणे यांच्या कारखान्यांचे हे शहर. येथे आठ वर्षांत ३०३ साखळी सामने आणि २५१ गोल! रौलीचा डावा पाय हा गोलरक्षकांच्या चिंतेचा विषय होता. अंगाने तो भारदस्त. चपळ, लवचिक खेळाडूंच्या चित्रात शोभणारा मुळीच नव्हे. त्या काळचा चेंडू चामड्याचा, वादीने आवळलेला. पावसात भिजला की दगडासारखा जड होई. अशा चेंडूला वीस-पंचवीस यार्डांवरून सरळ जाळ्यात धाडायचे तर पायात निराळेच बळ हवे. भावाभावांना लोकांनी 'गनर', म्हणजे तोफखान्यातला गोलंदाज, असे टोपणनाव दिले होते, ते या फटक्यामुळेच. १९५५ च्या ऑक्टोबरात तर असा योग आला की एकाच शनिवारी दोघा भावांनी साखळीतला आपापला दोनशेवा गोल केला; जॅक तेव्हा प्लिमथमध्ये होता, आर्थर लेस्टरमध्ये. १९५६-५७ च्या हंगामात आर्थरने चव्वेचाळीस गोल करून लेस्टरला दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून दिले. त्या संघात एका हंगामात एवढे गोल त्यापूर्वी कोणी केले नव्हते.

मग हा खेळाडू राष्ट्रीय संघात का नाही? याचे एक उत्तर त्या काळच्या निवडपद्धतीत आहे. इंग्लंडचा संघ तेव्हा व्यवस्थापक निवडत नसे. निवडसमितीतील सद्गृहस्थ निवडत. १९६३ साली आल्फ रॅमझी कामावर रुजू होईपर्यंत ही प्रथा चालली. समितीची नजर साहजिकच पहिल्या विभागावर असे. शिवाय तेव्हा मॉर्टेन्सन, मिल्बर्न, लॉफ्टहाउस असे आघाडीवीर समोर होते. पहिल्या विभागातील नॅट लॉफ्टहाउस किंवा दुसऱ्या विभागातील आर्थर रौली असा प्रश्न पडण्याचे कारणच उद्भवत नव्हते. दुसऱ्या विभागात अडीचशेच्या घरात गोल करणाऱ्या ब्रायन क्लफलाही पुढे १९५९ साली देशाकडून जेमतेम दोन सामने मिळाले.

टीकाकार म्हणतात, खालच्या विभागातले बचावपटू ढिले, म्हणून गोल सोपे. या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. ज्याचा विक्रम रौलीने मोडला त्या डिक्सी डीनने ३७९ गोल केले ते ४३७ सामन्यांत, आणि त्यांतले बहुतेक एव्हर्टनकडून. जिमी ग्रीव्ह्जने १९७१ पर्यंत ३५७ गोल केले ते सगळेच्या सगळे पहिल्या विभागात. या दोघांच्या पंक्तीला रौलीला बसवताना मन क्षणभर अडखळते खरे. पण खालच्या विभागांतून शेकडो आघाडीवाले खेळून गेले. बचाव त्यांच्याही समोर ढिलाच होता. त्यांतल्या एकालाही साडेचारशेच्या जवळपास जाता आले नाही. शिवाय खालच्या विभागात मैदाने चिखलाची, प्रवास आडवळणाचे, आणि एखादा खेळाडू गोल करतो असे कळले की त्याच्या पायाची काळजी कोणी करीत नसे. अशा मैदानांवर दर दहा सामन्यांत सात गोल, हे प्रमाण वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत टिकवणे याला माझ्या मते दुसरे नाव नाही. ती थोरवीच आहे.

वेतनाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून या कारकिर्दीचा उलगडा होत नाही. त्या काळी खेळाडूच्या वेतनाला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. १९५८ साली ती आठवड्याला वीस पौंड होती. संघ कितीही श्रीमंत असो, खेळाडू कितीही मोठा असो, वीस पौंडांवर एक शिलिंग देता येत नसे. खालच्या संघालाही तेवढे देण्याची मुभा होती. त्यामुळे खाली उतरणाऱ्या मनुष्याचे आजच्याइतके दिवाळे निघत नसे. दुसरीकडे, करार संपला तरी संघ खेळाडूला अडकवून ठेवू शके. ही वेतनमर्यादा १९६१ च्या जानेवारीत उठली, आणि अडकवून ठेवण्याच्या नियमाला १९६३ साली न्यायालयाने तडा दिला. तोवर रौली पस्तिशी ओलांडून गेला होता. नव्या सुबत्तेचा मोठा वाटा त्याच्या पिढीच्या हाती लागला नाही.

१९५८ साली, बत्तिसाव्या वर्षी, लेस्टर सोडून तो श्रूजबरी टाउन या संघात आला. खेळाडू म्हणून आणि व्यवस्थापक म्हणूनही. या गावाचे नाव कसे उच्चारावे यावर गावकऱ्यांचेच एकमत नाही. कोणी श्रूजबरी म्हणतो, कोणी श्रोजबरी. चार्ल्स डार्विनचा जन्म येथला. आपल्या दृष्टीने याहून कडवट आठवण म्हणजे रॉबर्ट क्लाइव्ह या गावाचा महापौर होता आणि पार्लमेंटातील प्रतिनिधीही. त्याचा पुतळा गावच्या चौकात उभा आहे. संघाला साखळीत प्रवेश मिळून तेव्हा आठच वर्षे झाली होती. त्याच वर्षी साखळीची फेररचना होऊन उत्तर व दक्षिण अशा दोन तिसऱ्या विभागांतले खालच्या अर्ध्यातले संघ एकत्र करून चौथा विभाग निर्माण झाला, आणि श्रूजबरी त्यात पडली.

या संघाचे मैदान सेव्हर्न नदीच्या अगदी काठावर होते. गे मेडो त्याचे नाव. जोराचा फटका कुंपणावरून गेला की चेंडू नदीत. तुंगभद्रेत हंपीजवळ जशा गोल, टोपलीसारख्या नावा दिसतात, तशाच नावा त्या नदीवर पूर्वापार चालत. अशा नावा बनविणारा एक कारागीर पुष्कळ वर्षे सामन्याच्या दिवशी नदीवर हजर असे आणि वल्हे मारीत जाऊन चेंडू परत आणी. प्रत्येक चेंडूमागे त्याला थोडा मोबदला मिळे.

खेळाडू निवडायचे, सराव घ्यायचा, चालकांसमोर जाब द्यायचा, आणि शनिवारी स्वतःच मैदानावर उतरून गोल करायचे, असा हा दुहेरी संसार रौलीने सात वर्षे केला. व्यवस्थापकाने कोणाला वगळावे असा पेच पडला, तर आघाडीच्या एका जागेपुरता तो कधी पडला नसावा. पहिल्याच हंगामात त्याने अडतीस गोल केले आणि श्रूजबरी चौथ्या विभागातून वर चढली. १९६०-६१ साली इंग्लंडात लीग चषकाची स्पर्धा प्रथमच भरली. तिच्यात तिसऱ्या विभागातल्या या संघाने एव्हर्टनला दोन विरुद्ध एक असे हरवून उपांत्य फेरी गाठली, आणि तेथे रॉदरहॅमशी दोन सामने मिळून एका गोलाने हार खाल्ली. म्हणजे ज्या एव्हर्टनच्या कपड्यांत डीनने आपला डोंगर रचला, त्या संघाला रौलीच्या गावाने घरी पाठवले. आणि त्याच हंगामात, १९६१ च्या एप्रिलमध्ये, डीनचा ३७९ चा आकडाही रौलीने मागे टाकला. स्कॉटलंडमधील सेल्टिकच्या जिमी मॅकग्रोरीची संख्या याहून मोठी होती. तीही त्याने पुढे ओलांडली. श्रूजबरीसाठी त्याचे साखळीतले गोल १५२ झाले.

१९६५ साली त्याने बूट उतरवले, व्यवस्थापकपद मात्र आणखी तीन वर्षे ठेवले. पुढे शेफील्ड युनायटेडमध्ये तो वर्षभरच टिकला. साउथेंडला तो १९७० ते १९७६ होता. १९७२ साली त्याने तोही संघ चौथ्या विभागातून वर आणला. चौथ्या विभागाची वाट त्याला पाठ झाली होती असे म्हणायला हरकत नाही.

लेस्टरच्या वहीत एक मौज आढळते. साखळी आणि चषक मिळून त्या संघाकडून रौलीने २६५ गोल केले. आर्थर चँडलर या जुन्या खेळाडूचे २७३ आहेत. साऱ्या इंग्लंडच्या साखळीत जो पहिला, तो लेस्टर संघात आठ गोलांनी दुसरा!

२००२ च्या डिसेंबरात, शहात्तराव्या वर्षी, आर्थर रौलीचे निधन झाले. २००७ साली श्रूजबरीचा संघ गावाबाहेरच्या नव्या मैदानावर गेला. ते नदीपासून लांब आहे. चेंडू कुंपणाबाहेर गेला, तर आता तो पायी जाऊन आणता येतो.