फटफटीचे मागचे शॉकअप



देगलूरहून नांदेडला जा, उदगीरला जा, नाहीतर १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने तेलंगणात उतरा. मोठी फटफटी घेऊन लांबचा प्रवास करणारी माणसे आता जागोजागी दिसतात. त्यांत शाळेवर जाणारे गुरुजी आहेत आणि बाईही आहेत. यातल्या कित्येकांची एकच तक्रार असते, “गाडी चांगली, पण पाय टेकत नाहीत.” तक्रार खोटी नव्हे. भरल्या सामानाची गाडी थांबताना कलली आणि पाय अधांतरी राहिला, तर ती सावरत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो, “मागचे शॉकअप बुटके टाका.” या सल्ल्याचा आज विचार करू.

शॉकअपची कामे दोन. स्प्रिंग भार झेलते, आणि आतले तेल स्प्रिंगची उसळी आवरते. तेल गळाले, की खड्डा ओलांडल्यावरही गाडी डुलत राहते. म्हणून शॉकअप निवडायचा तो उंचीवरून नव्हे, तर भारावरून. स्वार किती वजनाचा, मागे कोण बसणार, सामान किती, हे आधी दुकानदाराला सांगावे. आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

भार बरोबर झेलला जातो की नाही, हे घरी पाहता येते. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मागचे चाक अधांतरी ठेवा. आसापासून वरच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घेऊन नेहमीच्या ओझ्यासह बसा आणि दुसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. चाकाची वरखाली होण्याची एकूण चाल बारा सेंटिमीटर असेल, तर फरक तीन ते चार सेंटिमीटर यावा. जास्त आला तर तळचे कडे आवळावे. मात्र कडे आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच बसते. कडे पुरे आवळूनही गाडी दबत असेल, तर स्प्रिंगच जाड हवी.

आता बुटक्या शॉकअपकडे वळू. उंची फुकट कमी होत नाही, तिची किंमत चालीत मोजावी लागते. चाल घटली आणि स्प्रिंग जुनीच राहिली, तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. चाल तेवढीच ठेवून नुसती लांबी घटवली, तर टायर मडगार्डला घासतो. मागून दोन इंच गाडी उतरली, की मधल्या स्टँडजवळची इंचभराहून अधिक जागा जाते. गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असावा असे मानक आहे. गावोगावचे गतिरोधक ते कुठे पाळतात? पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या तर त्याहून खोल.

शिवाय बाजूचे स्टँड लांब ठरते, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पडते. मधल्या स्टँडवर गाडी चढवणे जड जाते. हँडल जड होते. दिव्याचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपवतो.

म्हणून उपाय क्रमाने करावेत. पहिला, सीटचा फोम तासून ती मधे अरुंद करणे. मांड्या आत आल्या की पाय आपोआप खाली पोचतो. दुसरा, जाड तळव्याचे बूट. तिसरा, गाडीच बुटकी निवडणे. बुलेटची सीट ८०५ मिलिमीटर उंच, त्याच कंपनीच्या मीटिऑरची ७६५. चार सेंटिमीटर इथेच मिळाले!

एवढे करूनही भागले नाही, तरच शॉकअपला हात लावावा, तोही इंचाच्या आत. पुढच्या काट्याच्या नळ्या पकडीतून तेवढ्याच प्रमाणात वर सरकवाव्यात. स्प्रिंग काढून चाक पुरते वर उचलून पाहावे. टायर, साखळी, मडगार्ड कुठे लागत नाही ना? बाजूचे स्टँड आखूड करून घ्यावे, दिवा पुन्हा जुळवावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या फेरबदलांवर बंधन घालते. तेव्हा परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारलेले बरे.

दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही. एक पाय पुरा आणि दुसऱ्याचा चवडा टेकला, तरी सरावाने गाडी सांभाळता येते. पाय टेकतो तो थांबल्यावर. वाटभर भार वाहतात ते शॉकअप. थांबण्याच्या सोयीसाठी चालण्याची सुरक्षितता गमावू नये, एवढेच सांगणे.