वस्ती सांभाळणे हेही संघटनेचेच काम
(शाखा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संपाच्या दिवसांत गेटवर ज्यांच्या लाठ्या खाल्ल्या, त्या पोलिसांबरोबर मोहल्ल्याच्या बैठकीला बसायचे? शंका रास्त आहे, आणि ती मनात ठेवूनच आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

कारखान्याच्या गेटबाहेर पडला म्हणजे कामगार संघटनेच्या कक्षेबाहेर जातो, असे आपण फार काळ मानत आलो. परंतु पाणी येत नाही, गल्लीतला दिवा बंद आहे, दुसऱ्या पाळीहून येणाऱ्या बाईला अंधारातून जावे लागते, हे प्रश्न गेटबाहेरचेच आहेत. आणि वस्ती पेटली की सर्वांत आधी बुडते ती कामगाराची रोजी.

भिवंडीचे उदाहरण घ्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापडधंदा मोठ्या प्रमाणावर यंत्रमागाकडे वळला. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरदूरच्या मुलुखांतून आलेला कामगार तेथे बारा-बारा तास माग चालवतो. कापडाच्या मीटरवर मजुरी; माग बंद तर चूल बंद. या गावाने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण सण-मिरवणुका जवळ आल्या की प्रतिष्ठितांना चहाला बोलवायचे, फोटो काढायचा आणि समिती विसर्जित करायची, अशी त्यांची रीत असे.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी ही रीत मोडली. त्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांतील साधी माणसे घेतली. सण असो वा नसो, बैठका होत राहिल्या. नळावरची भांडणे, जागेचे तंटे तेथल्या तेथे मिटू लागले. हवालदार माणसांना नावाने ओळखू लागला आणि माणसे हवालदाराला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. भिवंडी मात्र शांत राहिली. अफवा तेथेही पोहोचल्याच असतील, पण ती खरी की खोटी हे विचारायला ओळखीचे माणूस होते, हा फरक.

१९९४ पासून मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी त्यात पुढाकार घेतला.

परंतु बंधू-भगिनींनो, गोष्ट येथेच संपवली तर ती अर्धसत्य ठरेल. २००६ च्या जुलै महिन्यात त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले. ते पोलीसही कामावर असलेली माणसेच होती. एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभे राहिलेले काम तो अधिकारी गेल्यावर टिकवायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे.

केरळने २००८ मध्ये जनमैत्री सुरक्षा प्रकल्प सुरू केला. त्यात बीटवरचा पोलीस घरोघर जातो आणि ठाण्याला रहिवाशांची समिती जोडलेली असते. तमिळनाडूतून मात्र वेगळा धडा मिळतो. तेथे १९९३ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात 'पोलीसमित्र' योजना निघाली. २०२० मध्ये सातानकुळम येथे कोठडीत पितापुत्राचा बळी गेल्यानंतर अशा स्वयंसेवकांवरही आरोप झाले, आणि सरकारने त्या योजनेवर बंदी घातली. रहिवासी पोलिसांना जाब विचारण्याऐवजी त्यांचा हस्तक झाला तर काय होते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आता नगरपालिकांकडे वळू. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्रात २००९ मध्ये मतदारांच्या क्षेत्रसभेचीही तरतूद झाली, परंतु ती फारशी प्रत्यक्षात उतरलेली नाही. वस्तुतः बरीचशी भांडणे सुरू होतात ती पाणी, कचरा, संडास आणि अंधार यांवरून. ती सोडवण्याचे अधिकार पोलिसांकडे नाहीत, पालिकेकडे आहेत. म्हणून मोहल्ला समितीत पालिकेचा प्रभाग अधिकारी हजर नसेल तर ती समिती लंगडी आहे.

तेव्हा समितीत जायचे की नाही? आमचे म्हणणे असे की जायचे, पण आपल्या अटींवर. समितीत भाडेकरू, स्थलांतरित कामगार आणि स्त्रिया असल्या पाहिजेत. केवळ दुकानदार व घरमालक नव्हेत. बैठक पाळी सुटल्यावर व्हावी. मागच्या बैठकीतील तक्रारीचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत आधी सांगितले जावे. संप, मोर्चा वा संघटनेचे काम यांविषयीची बातमी समितीतून पोलिसांना मिळता कामा नये. परप्रांतीय म्हणून कोणाची यादी करण्याचे काम समितीने घेऊ नये. आणि पोलिसांच्या वागणुकीविरुद्धची तक्रार त्याच बैठकीत मांडण्याची मुभा हवी.

या अटी मान्य होत नसतील तेथे आपण बाहेर राहून त्यांच्यासाठी झगडू. पण जागा रिकामी सोडू नये. आपण सोडलेल्या जागेवर भडकावणारे येऊन बसतात, हे आपण अनेकदा पाहिले आहे.

शाखेत परतल्यावर एवढेच करा. आपले सभासद कोणत्या वस्त्यांत राहतात याची नोंद करा, प्रत्येक वस्तीतून दोन माणसे निवडा, त्यांपैकी एक स्त्री असू द्या. पहिली बैठक दिव्याच्या खांबावरून घ्या, मिरवणुकीवरून नव्हे. जो माणूस पाण्यासाठी शेजाऱ्याबरोबर पालिकेत गेला, तो त्याच शेजाऱ्याच्या घरावर दगड टाकताना दहादा विचार करील.

कामगार एकजुटीचा विजय असो!