अणुअपघात, सरकारी आश्वासन आणि लोकांचा विश्वास



अणुशास्त्र हा माझा विषय नव्हे. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. पण अणुभट्टीला अपघात झाला असता ‘धोका नाही’ या सरकारी आश्वासनावर सामान्य माणसाने किती विसंबावे, हा प्रश्न आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. तागडी ज्याच्या हातात, त्याच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी, एवढाच तो सवाल.

उदाहरण जपानचे घेतो. ११ मार्च २०११ रोजी तेथे मोठा भूकंप झाला आणि समुद्राची लाट फुकुशिमा दाइइची वीजकेंद्रात शिरली. पंपांची वीज गेली. अणुभट्टी बंद केली तरी इंधनाची धग चालूच राहते, ही त्यातली मेख. थंड करणारे पाणी थांबले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. त्या रात्री ३ किलोमीटरच्या आतील लोकांना घरे सोडण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी १०, संध्याकाळी २०.

याच दिवसांत सरकारचे प्रवक्ते एदानो लोकांना सांगत होते की, मोजलेल्या किरणोत्सर्गाचा प्रकृतीवर ‘तात्काळ’ परिणाम होणार नाही. आता हा ‘तात्काळ’ शब्द पाहा. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो चूक नसेल. पण कडेवर मूल असलेल्या आईने त्यातून काय समजावे? आज नाही, मग दहा वर्षांनी काय? त्याचे उत्तर त्या शब्दात नव्हते. कारखान्यात वायू गळाला की ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगणारे साहेब मी तीस वर्षे पाहत आलो आहे. किती गळाला, केव्हापासून, मोजला कोणी, असे विचारले की तेच साहेब घड्याळाकडे पाहू लागतात.

नामिए गावची हकीकत ऐका. तेथील हजारो लोक वायव्येकडच्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले आणि तीन दिवस तेथे राहिले. किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर नेमका वायव्येकडे गेला. वारा कोठे जाईल याचा अंदाज बांधणारी यंत्रणा सरकारपाशी होती. तिचे नकाशे १४ मार्चला अमेरिकन लष्कराला मिळाले. जपानी जनतेला ते प्रथम दिसले २३ मार्चला. आकडे अपुरे आहेत, लोक घाबरतील, अशी सबब पुढे सांगण्यात आली. ज्यांना त्या वाटेने चालायचे होते, त्यांनाच वाट दाखवली नाही!

अपघाताची श्रेणी प्रथम ४ सांगितली, मग ५, आणि १२ एप्रिलला ७, म्हणजे सर्वांत वरची. इंधन वितळल्याची कबुली कंपनीने मे महिन्यात दिली. ‘वितळणे’ हा शब्द वापरू नका, असे खुद्द कंपनीच्या अध्यक्षांनी बजावले होते, हे बाहेर यायला २०१६ साल उजाडले.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील रहिवाशांत थेट किरणोत्सर्गामुळे प्रकृती बिघडल्याचे आढळले नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने २०२१ साली नमूद केले. उलट फुकुशिमा प्रांतात आपत्तीनंतरच्या हालअपेष्टांनी २,३०० हून अधिक माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत म्हातारी माणसे फार. म्हणजे भीतीपायी झालेली पळापळही जीव घेते. मग आश्वासन द्यायचेच नाही काय? जरूर द्यावे. पण ज्याने एकदा आकडा दडवला, त्याचा पुढचा खरा आकडाही लोक खोटा धरतात. फुकुशिमात हेच झाले, आणि हे नुकसान किरणमापकावर उमटत नाही.

आता माझ्या माणसांकडे येतो. केंद्रात काम करणाऱ्या कामगारांच्या अंगावर किरणमापक असतो. ठरलेली मर्यादा भरली की काम बंद, पर्यायाने रोजी बंद. एका पोटकंत्राटदाराच्या अधिकाऱ्याने कामगारांना या मापकावर शिशाचे झाकण घालायला लावले, म्हणजे आकडा कमी दिसावा! हे जुलै २०१२ मध्ये उघड झाले. शिसे मापकावर होते, कामगाराच्या छातीवर नव्हे. ज्याची पोळी आकड्यावर भाजते त्याच्याच हाती मापक दिला, तर दुसरे काय होणार?

जपानी नागरिकांनी याला उत्तर शोधले. स्वयंसेवकांनी मोटारींना मापक बांधले, रस्त्यारस्त्याने मोजणी केली आणि आकडे सर्वांसमोर ठेवले. त्यांचे आकडे सरकारी आकड्यांशी जेथे जुळले, तेथे सरकारचाही शब्द वधारला. विश्वास परत येण्याची हीच वाट आहे.

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, त्याही फुकुशिमासारख्या पाणी उकळणाऱ्या जातीच्या. तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखाची म्हणून सोडून देता येत नाही. आपण मागावे ते एवढेच: आकडा त्याच दिवशी कळावा, ठाऊक नसेल ते ‘ठाऊक नाही’ म्हणून सांगावे, आणि कंपनीचा वा खात्याचा पगार न खाणाऱ्या माणसाच्या हातीही एक मापक असावा. विश्वास ठेवा असे सांगून तो बसत नाही. पडताळा पाहू दिला, तरच तो बसतो.