मातींतलीं नाणीं आणि त्यांची साक्ष

आमच्या वऱ्हाडांत गांवच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेंकडो वर्षें एकाच जागीं घरें उभीं राहिलीं व पडलीं, चुली पेटल्या, राख सांचली. म्हणून जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती राखट, पांढुरकी होते. रिद्धपूर हें असेंच पुरातन गांव. पहिला पाऊस पडून गेला कीं अशा गांवांत ओहोळाच्या कांठीं किंवा पडक्या भिंतीच्या पायथ्याशीं एखादी हिरवट गंजलेली चकती डोकें वर काढते. अलीकडे धातुशोधक यंत्रें बाजारांत मिळूं लागल्यापासून तर पावसाचीहि वाट पाहावी लागत नाहीं. यंत्राच्या वेटोळ्यांतून विजेचा उलटसुलट प्रवाह वाहतो, त्यामुळें जमिनींतल्या धातूंत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात, आणि यंत्र आवाज करतें. पण त्याला एवढेंच समजतें कीं येथें धातु आहे. ती पेशव्यांच्या काळची आहे कीं बैलगाडीच्या चाकाची, हें माणसानेंच ओळखावयाचें असतें.

मी जन्मभर शाळामास्तर होतों. विद्यार्थी अशा चकत्या घेऊन येत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "गुरुजी, ह्याचे किती रुपये येतील ?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो शेवटीं विचारावयाचा. आधीं विचारावें, तूं कोठें होतास, किती खोल होतास, आणि तुझ्या सोबतीला कोण होतें ?

ही रीत आम्हां रिद्धपूरकडील लोकांना नवी वाटूं नये. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या, त्या ह्याच भूमींत. ज्यांनीं पाहिलें-ऐकलें त्यांना गांठून, विचारून, प्रत्येक लीळा कोणत्या स्थळीं घडली हें त्यांनीं नोंदवून ठेवलें. स्थळ गेलें तर प्रसंगाचा अर्धा अर्थ जातो, हें त्यांनीं जाणलें होतें. नाण्याचेंहि तसेंच आहे.

म्हणून पहिला नियम असा कीं नाणें घांसूं नये. आपल्याकडे तांब्याची वस्तु दिसली कीं हात आपोआप चिंचेकडे व राखेकडे जातो. देवघरांतल्या भांड्यांना तें शोभतें. जुन्या नाण्याचा मात्र त्यानें घात होतो. हिरवट थराखालींच अक्षरें शाबूत असतात, आणि आंबटानें थराबरोबर अक्षरेंहि विरघळतात. सुटी माती मऊ कुंचल्यानें झाडावी, नाणें कोरड्या कागदांत गुंडाळावें, आणि कागदावर शेताचा गट, खोली व तारीख लिहावी. पांढरीची माती खत म्हणून शेतांत टाकण्याची आपल्याकडे चाल आहे; शेतांत मिळालेलें नाणें मूळचें शेतांतलें नसून त्या मातीबरोबर आलेलें असूं शकतें. तेंहि लिहून ठेवावें.

दुसरा नियम : अक्षरांच्या आधीं धातु, वजन आणि आकार पाहावा. चांदीचा वेडावांकडा कापलेला तुकडा आणि त्यावर सूर्यासारखीं निरनिराळीं चिन्हें ठोकलेलीं असतील, तर तें आहत नाणें. तें दोन हजार वर्षांहूनहि जुनें असूं शकतें. शिशाच्या किंवा मिश्र धातूच्या नाण्यावर एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूस अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळें दिसलीं, तर तें सातवाहनांचें समजावें. सोन्याचें लहान, वाटीसारखें किंचित् खोलगट, मध्यें कमळ आणि कडेला नागरींत राजाचें नांव असेल, तर तें देवगिरीच्या यादवांचें पद्मटंक. त्याचें वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतें. इ. स. १८३५ नंतरचा कंपनीचा चांदीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजून तो थोडा हलका होतो. पण ठसठशीत दिसूनहि वजनांत बराच उणा भरला, तर संशय घ्यावा.

तिसरा नियम : नाण्यावरचें नांव वाचून काळ ठरवण्याची घाई करूं नये. तांब्याच्या शिवराईवर एकीकडे 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' अशीं अक्षरें असतात. तीं वाचून घरचीं माणसें हात जोडतात, आणि तें योग्यच आहे. परंतु शिवराई थोरल्या महाराजांच्या नंतरहि दीर्घ काळ पाडली जात होती. एकोणिसाव्या शतकांतहि ती व्यवहारांत होती. तीच गोष्ट नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांची. राज्य मराठ्यांचें, पण नाण्यावर फारशी मजकूर आणि मोगल बादशहाचें नांव. इ. स. १८६२ हा सन असलेला राणी व्हिक्टोरियाचा रुपया तर पुढें अनेक वर्षें तोच सन घालून पाडला जात होता.

एलिचपूर, म्हणजे आपलें अचलपूर, येथें मोगलांच्या व पुढें निजामाच्या काळीं टांकसाळ होती. त्या काळचा ठसा बहुधा नाण्याहून मोठा असे, म्हणून टांकसाळीचें नांव पुष्कळदां कडेबाहेर राहतें. हिजरी सन दिसलाच तर अंक नीट पाहावे. फारशी पांच आपल्या शून्यासारखा वाटोळा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सातांचें तोंड वर उघडें असतें, आठांचें खालीं. नाणें उलटें धरलें कीं साताचे आठ होतात. वाचलेल्या हिजरी सनांतून शेंकडा ३ वजा करून ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन जवळपास निघतो. उदाहरणार्थ, १११९ मधून ३४ गेले, १०८५ राहिले. त्यांत ६२२ मिळवतां १७०७ आले.

आतां नाणें नसून नाण्यासारखें दिसणारें जें असतें त्याविषयीं. देव्हाऱ्यांतले चांदीचे टांक मातींत मिळतात. पुतळ्यांच्या माळेंतली सुटी पुतळी मिळते. तिच्यावरचीं दोन माणसें ही व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावरील आकृतींची नक्कल होय. कामगारांचे अंक घातलेले पितळी बिल्ले मिळतात. मध्यें मोठें भोंक असलेली तांबूस चकती यंत्राचा भाग म्हणून फेंकून दिली जाते; पण १९४३ ते १९४७ पर्यंतचा तो भोंकाचा पैसा असूं शकतो. ह्या वस्तूंना बाजारांत मोल थोडें असलें, तरी त्या आपल्याच आजोबा-पणजोबांच्या हातांतून गेलेल्या आहेत.

एका वस्तूपासून मात्र सावध राहावें. कंपनीचें नांव, १८१८ चा सन आणि हनुमान किंवा रामपंचायतन अशी चकती दाखवून, ही तांदूळ ओढते, हिची किंमत लाखांत आहे, असें सांगणारे लोक फिरत असतात. कंपनीनें १८१८ सालीं असा आणा पाडलाच नव्हता. ती अलीकडची बनावट आहे, आणि तांदूळ ओढण्याची गोष्ट ही निव्वळ फसवणूक.

मग खरें धन मिळालें तर काय करावें ? १८७८ चा निखात निधीचा कायदा आजहि अमलांत आहे. जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा मिळाला, तर काय, किती, कोठें व केव्हां मिळालें हें जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावें लागतें. ठेवा बेवारस ठरला व शोधणारा आणि जागेचा मालक ह्यांच्यांत दुसरा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला मिळूं शकतो. लपवणाराचा हिस्सा जातो आणि वर शिक्षा होते. संरक्षित स्मारकाच्या जागीं तर परवानगीवांचून यंत्र घेऊन जाऊंच नये, मग खणणें दूर राहिलें. नाणें ओळखून घेण्यास नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय आहे; नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे.

कायद्याच्या धाकापेक्षांहि मोठें कारण दोन उदाहरणांनीं सांगतों. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं १३,२५० चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. शेंकडा ७० नाण्यांवर जेत्याची मोहोर ! नहपानाचें राज्य कोणी जिंकलें ह्याचा एवढा बोलका पुरावा दुसरा क्वचितच असेल. पण तो पुरावा एका नाण्यांत नाहीं, साऱ्या संचयांत आहे. तसेंच १९३९ सालीं तेव्हांच्या अकोला व आतांच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळा येथें दीड हजारांच्या आसपास सातवाहन नाणीं मिळालीं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं तीं अभ्यासून प्रसिद्ध केलीं, तेव्हां कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हे पुराणांच्या यादींत नसलेले राजे पुढें आले. तीं नाणीं कासाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर त्या राजांना कोणीहि ओळखलें नसतें.

खुद्द रिद्धपूरचें उदाहरणहि हेंच सांगतें. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट रिद्धपुरास मिळाला. पंधराशें वर्षें तें तांबें कोणीं वितळवलें नाहीं, म्हणून तिचें दान आज आपल्याला वाचतां येतें. तांब्याची किंमत म्हणाल, तर एका घागरीइतकीहि नसेल.

तेव्हां, श्रोते हो, ह्या पावसाळ्यांत आपल्या किंवा आपल्या गड्याच्या हातीं एखादी चकती आली, तर ती घांसूं नका, वांटूं नका, सोनाराकडे धाडूं नका. कागदांत गुंडाळा आणि वर चार ओळी लिहा. साक्षीदाराला बोलूं दिलें पाहिजे. आणि मुक्या साक्षीदाराच्या वतीनें बोलावयास तुमच्या त्या चार ओळींवांचून दुसरें कोणी नसतें.