चापावरचे बोट

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



शस्त्र म्हटले की प्रथम त्याची मारकशक्ती डोळ्यांपुढे येते. परंतु अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे काही सामान्य नागरिक त्याची निवड करताना आधी वेगळाच प्रश्न विचारतात : नको असताना यातून गोळी सुटणार तर नाही ना? त्यांच्यापैकी काही जण ‘डबल ॲक्शन ओन्ली’ चापाचे पिस्तूल पसंत करतात. त्यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे.

चापाच्या एकाच ओढीत घोडा मागे ताणला जाणे आणि सुटून आघात करणे, ही झाली दुहेरी क्रिया. जर्मनीतील वॉल्थर कंपनीचे १९२९ सालचे ‘पीपी’ किंवा अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये निवडलेले बेरेटा यांत पहिली गोळी सामान्यतः अशी झडते. त्यानंतर मात्र पिस्तुलाचा वरचा सरकता भागच घोडा ताणून ठेवतो. म्हणजे पहिली ओढ लांब, सुमारे ५ किलो जोराची. पुढची आखूड आणि जवळपास निम्म्या जोराची. संकट टळले तरी घोडा ताणलेलाच असतो व तो आठवणीने उतरवावा लागतो.

‘ओन्ली’ प्रकारात हा भेद नाही. प्रत्येक गोळीला तीच लांब, जड ओढ. बोटाला एकच सवय लावायची, उतरवायची कळ नाही. भीतीने हात थरथरत असताना, किंवा एक मूठ आवळली की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात तेव्हा, ही लांब ओढ विचाराला क्षणभर अवसर देते. रोज सराव करणे ज्याला शक्य नाही, अशा गृहस्थाला हा साधेपणा मोलाचा वाटतो.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हरकडून पिस्तुलाकडे वळताना जड चापाचाच आग्रह धरला होता. पण या सुरक्षिततेची किंमत असते. जड चाप ओढताना नळी हलते आणि नेम ढळतो. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका मारेकऱ्यावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. त्या गोळ्यांनी व त्यांच्या तुकड्यांनी ९ वाटसरू जखमी झाले. त्यानंतर या जड चापावर बरीच टीका झाली. चुकून सुटलेली गोळी जशी निरपराधाला लागू शकते, तशीच नेम चुकलेलीही लागते.

म्हणूनच जाणकार प्रशिक्षक चाप कोणताही असो, एकच नियम घोटून घेतात : झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर. जड चाप हा या शिस्तीचा साहाय्यक होय. तिची जागा तो घेऊ शकत नाही. ज्याने हे जाणले, त्यानेच शस्त्र हाती घ्यावे.