कुड्याच्या डोंगरावरची नावं

रायगड जिल्ह्याला येणारी माणसं बहुतेक दोनच ठिकाणी जातात. डोंगर चढायचा असेल तर महाराजांचा रायगड आणि पाण्यात जायचं असेल तर मुरूडचा जंजिरा. या दोहोंच्या मध्ये, राजपुरीच्या खाडीवर, तळा तालुक्यात कुडा नावाचं लहानसं गाव आहे. गावामागच्या डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी आहेत. पंधरा खालच्या ओळीत, अकरा वरच्या. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांच्या सुमारास ती कोरली गेली. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असूनही तिथे गर्दी कधीच नसते.

मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला उजवीकडे वळून तळ्याचा रस्ता धरायचा. गावातून थोडी चढण आहे. वर पोचलात की समोर खाडी पसरलेली दिसते आणि ही माणसं इथे का आली हे न सांगता कळतं. गलबतं खाडीत शिरायची, माल घाटावर चढायचा. जवळचं मांदाड म्हणजे शिलालेखांतलं मांडव असावं, असं अभ्यासक मानतात. तिथे महाभोज घराण्याची सत्ता होती.

सहावं लेणं सर्वांत देखणं. दर्शनी बाजूला हत्ती आहेत, आत चैत्य आहे, भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. काही बुद्धमूर्ती नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकांतल्या. पण मला मूर्तींपेक्षा भिंतींवरची अक्षरं जास्त ओढतात. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मला ब्राह्मी वाचता येत नाही. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 मध्ये हे लेख वाचून छापले, त्यांच्या आधारावर बोलतो आहे.

इथे दान देणारे कोण आहेत? एक माळी आहे. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, त्याला लेखात 'लोहवाणिय' म्हटलंय. विचार करा, कऱ्हाडहून सह्याद्री उतरून हा माणूस खाडीवर येतो आणि मिळकतीतून भिक्खूंसाठी एक खोली कोरवतो! सोमदेव नावाचा वैद्य आहे, त्याने मुलामुलींची नावंही घातली आहेत. भायिला नावाची ब्राह्मण उपासकाची बायको आहे, तिने चैत्यगृह दिलं. पदुमनिका ही भिक्खुणी, तिची आई नागनिका हीसुद्धा भिक्खुणी. तिने लेणं दिलं, पाण्याचं टाकं दिलं आणि सोबत आपल्या शिष्येचं, बोधीचं, नाव कोरवलं.

सहाव्या लेण्यातलं कुटुंब मला सर्वांत जवळचं वाटतं. शिवभूती हा महाभोजाच्या पदरी 'लेखक' होता. आम्हा कवी-लेखकांनी हुरळून जायचं कारण नाही, लेखक म्हणजे दरबारचा कारकून. त्याच्या धाकट्या भावाने, शिवमाने, इथलं शिल्पकाम दिलं. लेखात त्याची बायको विजया आहे, चार मुलगे आहेत. आणि खांब दिले आहेत चार मुलींनी. सापा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. आजोबांचं नाव सुलसदत्त, तेच एका नातवाला आणि तेच एका नातीला. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आमच्याकडेही चालतं. नातीलाही ते देणारं घर मात्र मी इथेच पाहिलं. आणि नावं बघा, कितीतरी शिवाची, दान मात्र बुद्धाच्या संघाला. कोणाला त्यात अडचण वाटली असेल, असं लेखातून दिसत नाही.

मी खाडीकाठच्याच मुसलमान घरातला. घरी आमची कोकणी बोली, मदरशात उर्दू, शाळेत मराठी. मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर कविसंमेलनात कोणीतरी हमखास कौतुकाने विचारतं, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण कौतुकाच्या आड मी परका ठरलेला असतो. पूर्वी मी हसून वेळ मारून नेत असे. आता मी त्यांना कुड्याला चला म्हणतो. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सगळ्यांना तिची प्राचीन पाळंमुळं आठवली. त्या मुळांचा एक धागा इथे आमच्या परसात आहे. लेखातला शब्द 'लेण', आपण आजही लेणंच म्हणतो. टाक्याला ते 'पोढी' म्हणत, तो शब्द लोकांच्या तोंडून गेला. 'वाणिय' वाणी होऊन राहिला. ही भाषा माळ्याने, वैद्याने, भिक्खुणीने, कारकुनाच्या पुतण्यांनी दगडावर ठेवली. तिच्यात लिहायला त्यांना कोणी दाखला मागितला नव्हता.

आता एक दुखणं सांगतो. लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने, खिळ्याने नवी नावंही लिहिलेली असतात, बदामाच्या चित्रासह. नाव मागे राहावं ही इच्छा तीच, हे मला कळतं. पण सापाने खांब दिला होता, यांनी आयता खांब खरवडला. मुलांना घेऊन गेलात तर आधी त्यांच्या खिशातला खिळा काढून घ्या.

पावसाळ्यात दगड निसरडे होतात, म्हणून दिवाळीनंतर जा. बॅटरी घ्या, पाणी घ्या. ऊन तिरपं असेल तेव्हा अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि न वाचता येणाऱ्यालाही ओळी दिसू लागतात.